क्वीन मेरी 2 वरचं रात्रीचं जेवण: साडी, बंदगळा आणि सात संध्याकाळी

प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा सध्या पुण्यात आहेत. पुढे ते अमेरिकेत एडिसनला लेकीकडे येतील आणि परतताना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनपर्यंत क्वीन मेरी 2 या प्रवासी जहाजाने, तिथून लंडनला जाऊन विमानाने मुंबईला. बुकिंगच्या कागदांत दोन रात्रींपुढे ‘गाला इव्हनिंग’ लिहिलंय. बाबांकडे सूट नाही आणि शिवून घ्यायची इच्छाही नाही. आईला पैठणी न्यायची आहे, पण साडी चालेल का, ही धाकधूक आहे. रोज जेवायला काय घालायचं आणि बॅगेत किती कपडे भरायचे?

साडी चालते. नुसती चालत नाही, गालाच्या रात्री ती तिथल्या बऱ्याच गाउनांपेक्षा उठून दिसते. बाबांनाही सूट लागणार नाही, एक नीट बेतलेला बंदगळा पुरे. या जहाजावर अडचण ‘कोणता पोशाख’ याची फारशी नसते. अडचण होते ती मापाची, पादत्राणांची आणि इस्त्रीची. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करतो.

आधी नियम. या जहाजाची कंपनी क्युनार्ड कपड्यांच्या बाबतीत बाकी जहाजांपेक्षा कडक आहे. दिवसभर काय वाटेल ते घाला, संध्याकाळी सहानंतर मात्र जहाजाचा नूर बदलतो. सात रात्रींपैकी साधारण दोन गाला आणि उरलेल्या पाच ‘स्मार्ट’. स्मार्टचा अर्थ पुरुषांना कॉलरचा शर्ट, नीट पँट, बंद बूट आणि शक्यतो वर ब्लेझर किंवा जाकीट. टाय लागत नाही. बायकांना साडी, चांगला सलवार-कमीज, ड्रेस, काहीही नेटकं. गालाला पुरुषांकडून टक्सिडो (बो टायवरचा काळा औपचारिक सूट) किंवा गडद सूट आणि टाय किंवा बो टाय अपेक्षित असतो, बायकांकडून गाउन किंवा तोलामोलाचं काही. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही त्यात धरलेला आहे. स्कॉटिश माणूस किल्ट घालून येतो, तसाच बंदगळा आणि तशीच साडी. परवानगी विचारायची गरज नाही.

गालाला बहुतेक वेळा एखादी कल्पनाही जोडलेली असते: काळा-पांढरा, लाल-सोनेरी किंवा मुखवट्यांची रात्र. ती पाळलीच पाहिजे असं नाही. काळा किंवा गडद निळा बंदगळा तिन्हीला चालतो. मुखवटा हवाच असेल तर काडीवर धरायचा घ्या. चष्म्यावर इलॅस्टिकचा मुखवटा बसत नाही, काचांवर वाफ धरते आणि सूप येईपर्यंत तो काढून टेबलावर ठेवावाच लागतो.

एखाद्या रात्री नटायचा कंटाळा आला तर किंग्ज कोर्ट हा बुफे आहे, गोल्डन लायन हा पब आहे, कॅरिंथिया लाउंज आहे. तिथे गालाच्या रात्रीही साध्या कपड्यांत जेवता येतं. खोलीतही जेवण मागवता येतं. ब्रिटानिया या मुख्य भोजनगृहात मात्र हाफ पँट, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचा बनियन, टोपी, स्लिपर असलं काही घालून गेलात तर दारावरचा माणूस गोड बोलून बुफेकडे पाठवतो. दंड वगैरे काही नसतो.

आता बाबांचा बंदगळा. तो पुण्यातच शिवून न्या. अमेरिकेत आल्यावर घाईत तयार कोट घेतला तर खांदा बसत नाही, आणि कोटाचा खांदा हा एकच भाग असा आहे की तो नंतर दुरुस्त करणं जवळपास नव्याने शिवण्याइतकं किचकट. शिंप्याला तीन आठवडे द्या आणि दोन ट्रायल मागा. कापड टेरीवूल किंवा हलकी लोकर, रंग गडद निळा किंवा काळा, पँट त्याच कापडाची. जरीची नक्षी, चकाकणारी बटणं, छातीवर ब्रोच यातलं काही नको. त्याने लग्नातला वरबाप दिसतो.

ट्रायलला पाहायच्या गोष्टी चारच. कॉलरचा हूक लावल्यावर मानेभोवती दोन बोटं सहज जायला हवीत. या जेवणाला दोन तास लागतात आणि उभं राहून बेतलेली कॉलर बसल्यावर, मान खाली घातल्यावर गळ्याला लागते. दुसरं, खुर्चीवर बसून पाहा. पोटावरची बटणं ताणली जाऊन मध्ये फटी पडत असतील तर कमरेत दोन सेंटिमीटर सोडायला सांगा. तिसरं, बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी आणि आतल्या शर्टाची कड सेंटिमीटरभर बाहेर दिसावी. चौथं, पँट ज्या बुटावर घालायची तोच बूट घालून तिची लांबी ठरवा. ट्रायलला चपला घालून जाणारे नंतर घोट्यावर घड्या पडलेली पँट घेऊन फिरतात.

आत पांढरा, उभ्या कॉलरचा शर्ट घाला. नेहमीची पडती कॉलर बंदगळ्याच्या आत दुमडली जाते आणि मानेशी फुगवटा दिसतो.

शेरवानीचा विचार सोडून द्या. जड असते, बसल्यावर खाली दुमडते, तिची जरी शेजारच्या बाईंच्या गाउनला अडकते आणि बॅगेत तिघांची जागा खाते. रेशमी कुर्ता-पायजमा आणि वर नेहरू जाकीट हे स्मार्टच्या रात्रींना उत्तम. गालाला ते जरा कमी पडतं. फेट्याची हौस असेल तर गालाला जरूर बांधा, पण तयार फेट्याचा डबा बॅगेत किती जागा घेतो ते आधी बघा. बांधता येत असेल तर कापडच न्यावं.

यानंतरही सूटच हवा असं बाबांच्या मनात आलं तर गडद निळा घ्या, दोन बटणांचा. वरचं बटण लावायचं, खालचं कधीच लावायचं नाही, बसताना दोन्ही सोडायची. टायचं टोक पट्ट्याच्या बकलावर यावं. निळ्या कोटाचा एक फायदा असा की वेगळ्या करड्या पँटवर तोच ब्लेझर म्हणून उरलेल्या रात्री चालवता येतो. काळ्या कोटाचं तसं जमत नाही.

बुटांवर लोक सगळ्यात कमी विचार करतात. काळ्या चामड्याचे, बंद, आधी महिनाभर वापरून मऊ झालेले बूट न्या. नवे बूट आणि गालाची रात्र हे गणित जुळत नाही. त्या रात्री जेवणाआधी कप्तानाची पार्टी असते, मग मोठ्या जिन्यावर फोटोसाठी रांग, आणि नंतर क्वीन्स रूम या नाचाच्या दालनात नाच बघायचा झाला तर आणखी तासभर उभं राहणं. तळवा रबराचा असू द्या. नुसता चामड्याचा तळवा गुळगुळीत फरशीवर घसरतो, त्यात जहाज हललं की हमखास. म्हणूनच कोल्हापुरी नको. शिवाय पुरुषांची उघडी पादत्राणं भोजनगृहाच्या दाराशी वादाचा विषय होतात. कोल्हापुरी दिवसा केबिनच्या आसपास वापरा. बंदगळ्यावर पारंपरिकच हवं असेल तर मोजडी घ्या, तळव्याला मोच्याकडून रबराचा पातळ पत्रा चिकटवून.

आईच्या साडीकडे येऊ. पैठणी न्या, पण एकच, आणि ती गालाच्या एका रात्रीसाठी राखून ठेवा. जड जरीची साडी वजनाला जवळजवळ किलोभर भरते आणि लंडनहून परतताना विमानात बॅगेला बहुधा तेवीस किलोच मिळतात. दुसऱ्या गालाला गडद रंगाची जॉर्जेट किंवा क्रेपची साडी, बारीक काठाची, उत्तम दिसते. ती चुरगळत नाही आणि हलकी असते. स्मार्टच्या रात्रींना महेश्वरी, हलकं रेशीम किंवा चांगल्या कापडाचे सलवार-कमीजचे दोन जोड. सुती इरकल, खादी, कडक खळीची कॉटन मात्र घरी ठेवा. बॅगेतून निघतानाच ती चुरगळलेली असते आणि खळ घालायला तिथे कोणी नाही.

भोजनगृहातली हवा गार असते. म्हणून ब्लाऊज कोपरापर्यंत बाह्यांचा शिवा किंवा एक पातळ पश्मिना सोबत ठेवा. शाल साडीच्या रंगाशी जुळणारी नसली तरी चालते, काळी घेतली की सगळ्यावर जाते. आतून गरम कपड्यांचा थर देऊ नका. भोजनगृह सोडलं तर जहाज आतून उबदार असतं आणि नाचाच्या दालनात घाम येतो.

नेसताना सँडल आधी घाला आणि मग परकर बांधा. टाचा दोन इंचांपर्यंत आणि जाड, चौकोनी. पेन्सिलसारख्या टोकदार टाचा डेकच्या लाकडी फळ्यांच्या फटीत रुततात. काठ जमिनीपासून बोटभर वर ठेवा. घरात समारंभाला आपण काठ पार जमिनीला टेकवतो, तो इथे नको. जहाजात जिने आहेत, बाहेर डेकवर जाताना दारांना उंचवटे आहेत आणि ती दारं जडही असतात, दोन्ही हातांनी ढकलावी लागतात. एका हाताने निऱ्या उचलून दार उघडणं जमत नाही.

पिना तीन. एक निऱ्यांना, कमरेच्या खाली दोन इंचांवर, फक्त निऱ्यांतून घेतलेली. ती परकराच्या नाडीतून घेतली तर खुर्चीवर बसताना रेशीम फाटतं. दुसरी खांद्यावर, पदराच्या मुडपलेल्या पट्टीतून आणि ब्लाऊजच्या आतल्या बाजूने. तिसरी उजव्या कमरेशी, पदर जिथून वर चढतो तिथे. या तिसऱ्या पिनेला बहुतेक जणी विसरतात आणि वारा लागला की साडी तिथूनच सुटते. जहाज ताशी वीसेक सागरी मैलांच्या पुढे पळतं, म्हणजे हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा तोंडावर येतो. जेवणानंतर डेक सातवर फेरी मारायची असेल तर पदर पुढून घेऊन कमरेला खोचा आणि वर कोट चढवा. किंवा सरळ केबिनमध्ये जाऊन कपडे बदला. उत्तर अटलांटिकवर उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो.

नऊवारीचंही विचारलं जातं. खरं तर चालायला, जिने चढायला आणि वाऱ्याला कासोट्याची साडी सगळ्यात सोयीची. फक्त नेसायला वेळ लागतो आणि केबिनमध्ये पाय पसरून निऱ्या घालायला जागा थोडी. शिवलेली नऊवारी नेली तर दोन्ही अडचणी मिटतात.

टेबलाशी बसताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वेटर मागून खुर्ची पुढे सरकवतो. पदर मोकळा सोडलेला असेल तर तो खुर्चीच्या पायाखाली जातो, आणि उठताना ओढ बसून खांद्यावरची पिन रेशमाला भोक पाडते. म्हणून बसण्याआधी पदर उजव्या बाजूने पुढे घ्यायचा, मांडीवर ठेवायचा आणि मगच टेकायचं. वेटर मांडीवर नॅपकिन पसरतो, तो पदराच्या वर येऊ द्या. गुजराती पद्धतीचा पदर जेवणाला नकोच, पुढे वाकलं की तो सूपमध्ये जातो. लांब हार, लोंबते झुमके यांचंही तेच. दागिने खोटे असले तरी कोणाला कळत नाही. खऱ्यातलं मंगळसूत्र आणि एक पाटल्यांचा जोड पुरे, बाकी मोत्याचं घाला. मोती तिथे सोन्यापेक्षा जास्त शोभतात. तरीही जड सोनं न्यायचंच असेल तर मुंबईहून निघताना कस्टम्सकडून त्याचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना ‘हे तिकडे घेतलं का’ हा प्रश्न येत नाही.

आता इस्त्री. स्वतःची इस्त्री किंवा वाफेचं यंत्र बॅगेत नेऊ नका. जहाजावर आग हा सगळ्यात मोठा धोका मानतात, त्यामुळे बॅग तपासताना ते काढून घेतात आणि उतरतानाच परत देतात. क्वीन मेरी 2 वर प्रवाशांसाठी फुकट धुलाईच्या खोल्या आहेत, यंत्रं, साबण, इस्त्री आणि इस्त्रीचं टेबल असं सगळं तिथे असतं. गालाच्या दिवशी दुपारी चार ते सहा तिथे रांग लागते आणि इस्त्रीवरून चक्क भांडणं होतात. चढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळेला जा, खोली रिकामी असते. दोन्ही गालाचे कपडे त्याच फेरीत उरकून टांगून ठेवा.

पैठणीवर तिथली इस्त्री थेट फिरवू नका. त्या इस्त्रीचं बटण आधीच्या माणसाने कितीवर ठेवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. साडी उलट्या बाजूने, वर सुती रुमाल घालून, सगळ्यात कमी आचेवर. पाणी शिंपडायचं नाही, रेशमावर थेंबांचे डाग राहतात. खरं तर इस्त्रीची वेळच येऊ नये अशी घडी घालता येते. साडी रुंदीत चार पदरी करा, दोन घड्यांच्या मध्ये मलमलचा तुकडा घाला, जरी जरीला लागू देऊ नका, आणि जाड कागदाच्या किंवा गुंडाळलेल्या टॉवेलच्या रुळावर ती गुंडाळा. ठळक घडीच पडत नाही. न्यायच्या आधी ती जुन्याच घडीत वर्षभर कपाटात असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी घडी मोडून ठेवा.

जॉर्जेट, क्रेप आणि लोकरीचा कोट यांना इस्त्री लागतच नाही. केबिनच्या न्हाणीघरात हँगरवर टांगा, गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडा, दार बंद ठेवा, मग कपडे बाहेर आणून अर्धा तास वाळू द्या. न्हाणीघर लहान असल्यामुळे वाफ छान धरते. कपडे पाण्याच्या माऱ्यापासून लांब टांगा. रेशीम मात्र या वाफेत नको.

केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात. चुंबकाच्या चार आकड्या नेल्या तर ओढणी, शाल, पर्स टांगायला उपयोगी पडतात. हँगर कमी पडले तर केबिनच्या सेवकाकडे मागा, देतो.

वेळेचं गणितही सांगतो, कारण पूर्वेकडे जाताना ते बिघडतं. या प्रवासात पाच दिवस घड्याळ तासभर पुढे सरकतं, बहुधा भर दुपारी. म्हणजे बारा वाजता एकदम एक होतो. साडेतीनला क्वीन्स रूममध्ये चहा असतो, तो कोणी चुकवत नाही. तुमची जेवणाची पाळी संध्याकाळी सहाची असेल तर चहा संपवून साडी नेसायला जेमतेम तास उरतो, आणि शरीराच्या घड्याळाला तर अजून दुपारच वाटत असते. आई-बाबांना साडेआठच्या सुमाराची दुसरी पाळी घेऊन द्या. बुकिंग करतानाच सांगावं लागतं, नंतर बदलून मिळेलच असं नाही.

बॅगेत काय भराल? बाबांसाठी बंदगळा आणि त्याची पँट, एक नेहरू जाकीट किंवा ब्लेझर, आणखी एक करडी पँट, उभ्या कॉलरचे दोन पांढरे शर्ट, नेहमीच्या कॉलरचे तीन शर्ट, एक रेशमी कुर्ता, बुटांचा एक काळा जोड. आईसाठी पैठणी, एक जॉर्जेट, एक महेश्वरी, दोन सलवार-कमीज, दोन परकर, काळी शाल, सँडलचा एक जोड. कपडे पुन्हा वापरा. तेच टेबल, तेच सोबती असले तरी चार दिवसांपूर्वी कोणी काय घातलं होतं ते कोणी पाहत नाही. बारा सेफ्टीपिना, सुईदोरा आणि जास्तीचा नाडा मात्र हातातल्या पिशवीत.

हातातल्या पिशवीचं कारण असं की मोठ्या बॅगा बंदरावर आपल्या हातून घेतात आणि केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळ उलटून गेल्यावर येतात. म्हणून पहिल्या रात्री गाला नसते. तरीही त्या रात्रीचा एक बरा शर्ट आणि आईचा एक सलवार-कमीज हातातल्या पिशवीतच ठेवा, औषधांसोबत.

हेच उत्तर दुसऱ्या जहाजाला लागू पडणार नाही. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर टाय-टक्सिडोचा प्रश्नच नसतो, नेटकी पँट आणि कॉलरचा शर्ट खूप झाला. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची रॉयल कॅरिबियनची सफर असेल तर साधारण एक रात्र नटायची, आठवड्याच्या सफरीत दोन. तिथे ब्लेझरवर काम भागतं. नॉर्वेजियन या कंपनीच्या जहाजांवर नटण्याची सक्तीच नाही. व्हर्जिन या कंपनीच्या जहाजांवर एका रात्री सगळे लाल घालतात, त्याला आईची लाल जॉर्जेट चालेल, पण ती जहाजं तरुणांच्या धांगडधिंग्याची, आई-बाबांना तिकडे पाठवू नका. कंपन्या नियम दर एक-दोन वर्षांनी सैल करत असतात, म्हणून आपल्या सफरीचं पान निघण्याआधी एकदा वाचून घ्यावं.

उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, आणि सकाळपर्यंत त्या हाती लागत नाहीत. ती रात्र स्मार्टची असते. जेवून आल्यावर संध्याकाळचे कपडे बॅगेत घाला, पण सकाळचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढा. बंदगळा बॅगेत जातो, त्याबरोबर बूटही जातात आणि साउथॅम्प्टनला माणूस केबिनच्या कापडी चपला घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहतो, हा प्रकार प्रत्येक फेरीत कोणाचा ना कोणाचा होतोच.